निसर्गासाठी फिल्म करायची आहे? मग कॅमेरा जरा बाजूला ठेवा

माझी पहिली फिल्म एका पाणथळ जागेवर होती. २२ मिनिटांची, दोन हिवाळे खपून केलेली. पहिल्या खेळाला सभागृह भरलं, टाळ्या पडल्या आणि मग प्रश्न आले. पहिला प्रश्न, "लेन्स कुठली वापरलीत?" दुसरा, "हे पक्षी बघायला नेमकं कधी यायचं?" त्या पाणथळीत रात्री राडारोडा कोण आणून टाकतं, ते थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे, हे कोणीच विचारलं नाही. विचारणार तरी कसं? फिल्ममध्ये ते नव्हतंच. सोनेरी उजेडात उडणारे थवे मात्र भरपूर होते. पुढच्या हंगामात तिथे लेन्सवाल्यांची झुंबड उडाली आणि भराव होता तसाच वाढत राहिला.

खाली जे लिहितोय ते बरंचसं त्या फजितीतून शिकलेलं आहे. हातात चांगला कॅमेरा असो की नुसता फोन, क्रम तोच राहतो.

सुरुवात शेवटापासून

एका कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: ही फिल्म बघून अमुक माणसाने अमुक गोष्ट करावी. "लोकांमध्ये जागृती व्हावी" हे वाक्य चालणार नाही. लोक म्हणजे कोण? जागे होऊन त्यांनी करायचं काय? "नदीकाठच्या पाच गावांनी मासे विणीच्या दोन महिन्यांत बारीक जाळी वापरू नये", हे वाक्य चालेल. "या टेकडीचं आरक्षण बदलण्याच्या प्रस्तावावर हरकती घ्यायच्या मुदतीत रहिवाशांनी हरकती द्याव्यात", हेही चालेल. वाक्य जितकं नेमकं, तितके पुढचे सगळे निर्णय सोपे: लांबी किती, भाषा कुठली, दाखवायची कुठे, मुलाखत कोणाची घ्यायची.

याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण व्हेल शार्कचं आहे. हा जगातला सगळ्यात मोठा मासा. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी सर्रास शिकार व्हायची. माइक पांडे यांनी त्यावर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला, तो २००० साली आला. २००१ मध्ये भारताने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत घातलं. तिथे पोचलेला हा पहिला मासा. २००२ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचं नाव गेलं. फिल्मचा प्रेक्षक ठरलेला होता: कायदा करू शकणारी माणसं. त्यांच्यासमोर जे मांडायचं ते पुराव्यासह मांडलं गेलं.

पण कायदा झाला म्हणून समुद्रातल्या जाळ्यात मासा अडकायचा थांबतो थोडाच? मासा अडकला तर जाळं कापून त्याला सोडायचं, म्हणजे मच्छीमाराने स्वतःचं जाळं फाडायचं. त्याला माहितीपट दाखवून काय होणार? म्हणून २००४ मध्ये वेगळी मोहीम सुरू झाली. रामकथाकार मोरारी बापूंनी सांगितलं, की हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. त्याला नाव मिळालं 'व्हाली', म्हणजे लाडकी. गावोगाव पथनाट्यं झाली. माहेरवाशिणीला कोण मारील? मच्छीमार जाळी कापून मासे सोडू लागले.

एकच मासा, दोन प्रेक्षक, दोन वेगळी माध्यमं. तुमच्या कागदावरचं वाक्य वाचून आधी हे ठरवा, की तुम्हाला खरंच फिल्मच हवी आहे का. कधी पाच मिनिटांचा रेडिओवरचा कार्यक्रम, कधी शाळेच्या भिंतीवरचं चित्र, कधी फोनवर फिरणारी दीड मिनिटाची क्लिप जास्त काम करते. फिल्म करायची हौस असणाऱ्यांना हे पचायला जड जातं, मलाही गेलं.

अभ्यास, म्हणजे कंटाळवाणा पण अर्धा खेळ

विषय कळल्याशिवाय जंगलात गेलात तर हाती सुंदर आणि निरर्थक फुटेज लागतं. त्या प्रजातीवर किंवा जागेवर काम केलेल्या किमान दोन संशोधकांशी बोला, आणि ते दोघं एकमेकांचे सहकारी नसतील तर उत्तम. तिथे रोज वावरणाऱ्या माणसांशी बोला: गुराखी, वनरक्षक, मासेमार, मध गोळा करणारे. संशोधकाला कारण माहीत असतं, गुराख्याला वेळ माहीत असते. दोघांचं जुळत नसेल तिथे थांबा, बहुतेकदा गोष्ट तिथेच असते.

अभ्यासाने गोष्टीचा आकार कसा बदलतो, ते गिधाडांवरून बघा. दक्षिण आशियातली गिधाडं १९९० च्या दशकात झपाट्याने संपत गेली. काही प्रजातींची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली. "गिधाडं नामशेष होत आहेत, त्यांना वाचवा" अशी फिल्म कोणीही केली असती, आणि ती बघून कोणी काहीच करू शकलं नसतं. मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून २००४ मध्ये जे कळलं त्याने चित्र पालटलं. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि कारण होतं डायक्लोफेनॅक, जनावरांना दिलं जाणारं वेदनाशामक औषध. औषध दिलेलं जनावर मेलं की गिधाडं ते खायची आणि काही दिवसांत मरायची. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्यायही सापडला. भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर २००६ मध्ये बंदी आणली.

आता या गोष्टीला रहस्यकथेचा आकार आला. झाडावर मान टाकून बसलेलं गिधाड, मग टेबलावरचं मूत्रपिंड, मग गोठ्यातली औषधाची बाटली, आणि शेवटी पशुवैद्याच्या हातात दुसरी बाटली. प्रेक्षक पशुवैद्य असेल तर त्याला घरी जाताना काय करायचं ते कळलेलं असतं. कुरूप म्हणून हिणवलेला पक्षीसुद्धा पडद्यावर चालतो, फक्त प्रेक्षकाला "पुढे काय?" असं वाटलं पाहिजे.

आधी प्राणी, मग शॉट

जागा कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा आणि लेखी परवानगी घ्या. संरक्षित क्षेत्र असेल तर चित्रीकरणाची परवानगी आणि प्रवेशाची परवानगी बहुधा वेगवेगळी असते. ड्रोनची तर नक्कीच वेगळी. याला आठवडे लागतात, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी सुरू करा. यापुढे परवान्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते परवान्यात नसलेल्या गोष्टींबद्दल. चिखल्यासारखा जमिनीवर अंडी घालणारा पक्षी तुमच्यापुढे पंख ओढत, लंगडत पळायला लागला, तर तो जखमी नसतो. तो पंख मोडल्याचं नाटक करून तुम्हाला घरट्यापासून लांब नेत असतो. दिसायला हा शॉट फार छान असतो. पण तो मिळाला याचा अर्थ तुम्ही फार जवळ गेला आहात, आणि तुम्ही तिथे जितका वेळ उभे राहाल तितका वेळ अंडी उन्हात उघडी राहणार आहेत. चरणाऱ्या हरणाने खाणं थांबवून मान वर केली, तिथेच थांबा. त्याने पुन्हा मान खाली घातली तरच पुढचं पाऊल. घरट्यासमोरच्या फांद्या "जरा बाजूला" बांधू नका. तो पाला घारी-कावळ्यांपासूनचा पडदा असतो. विणीच्या काळात रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, कारण नर आपली हद्द राखायला खाणं-पिणं सोडून येतो. आमिष टाकू नका.

प्राण्यांना नाचवून घेतलेल्या शॉटचं काय होतं, याचा जुना दाखला आहे. १९५८ च्या डिस्नेच्या 'व्हाइट विल्डरनेस' या माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून उड्या टाकून सामूहिक आत्महत्या करताना दिसतात. ऑस्करही मिळालं. १९८२ मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमाने उघड केलं, की ते प्राणी बाहेरून आणलेले होते आणि त्यांना पाण्याकडे हाकलण्यात आलं होतं. लेमिंग आत्महत्या करत नाहीत. पण तो गैरसमज अजून जिवंत आहे आणि लोक तो म्हणीसारखा वापरतात. खोटा शॉट खऱ्या खुलाशापेक्षा जास्त जगतो.

गोंडस व्हिडिओचं तर आणखीच वेगळं. २००९ मध्ये एका पाळीव स्लो लोरिसला, म्हणजे माकडांच्या दूरच्या नात्यातल्या एका छोट्या निशाचर प्राण्याला, गुदगुल्या केल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. दोन्ही हात वर करून बसलेला मोठ्या डोळ्यांचा प्राणी. बघणाऱ्याला वाटतं, मजेत आहे. प्रत्यक्षात हात वर करणं हा त्याचा बचावाचा पवित्रा आहे. कोपराजवळच्या ग्रंथीतला स्राव लाळेत मिसळला की त्याचं विष होतं, आणि तिथे तोंड नेता यावं म्हणून तो हात वर करतो. म्हणजे आपण हसत होतो ते घाबरलेल्या प्राण्याला बघून. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या व्हिडिओखालच्या हजारो प्रतिक्रिया तपासल्या गेल्या, तेव्हा "मलाही असा एक हवा" म्हणणारे बरेच निघाले. स्लो लोरिसचा आंतरराष्ट्रीय व्यापार २००७ पासूनच 'साइट्स'च्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक बंदीखाली होता.

यावरून मी स्वतःसाठी घालून घेतलेला नियम असा, की वन्यप्राणी माणसाच्या हातात, मांडीवर किंवा खांद्यावर दिसेल असा शॉट अंतिम फिल्ममध्ये ठेवायचा नाही. शुश्रूषा केंद्रातला असला तरी नाही. कारण पडद्यावर "शुश्रूषा" ही पाटी दोन सेकंद दिसते आणि मांडीवरचं पिल्लू आठवणीत राहतं.

आणि ठिकाण. फोनमधला फोटो आपल्यासोबत अक्षांश-रेखांश घेऊन फिरतो. शिकारी, तस्कर आणि उत्साही फोटोवाले, तिघांनाही तो वाचता येतो. कॅमेरा आणि फोनमधली ठिकाणाची नोंद बंद करा, पोस्ट करण्याआधी फाइलमधली माहिती पुसा. एवढ्याने भागत नाही. मागे दिसणारा ओळखीचा डोंगर, मंदिराचा कळस, मैलाचा दगडसुद्धा पत्ता सांगतो. दुर्मिळ प्रजाती असेल तर फक्त प्रदेशाचं नाव द्या, तेही मोघम.

कागदावर गोष्ट

अभ्यास झाला की दोन पानांत गोष्ट लिहा. पटकथा वगैरे मोठा शब्द नको. कोण, त्याला काय हवंय, आडवं काय येतंय, आणि शेवटी काय बदलतं किंवा बदलायला हवं. एकच मादी, एकच तळं, एकच वनरक्षक घ्या. "दर वर्षी इतके हेक्टर" या आकड्याने कोणाच्या घशाशी आवंढा येत नाही, पण या वर्षी नेहमीच्या झाडावर घरटं बांधायला आलेल्या जोडीला झाडच सापडलं नाही, हे दिसलं की येतो. आकडा गोष्टीनंतर द्या, एकदाच द्या.

भीती जपून वापरा. धोका मोठा दाखवला आणि आपल्या हातात काय आहे ते दाखवलंच नाही, तर माणूस घाबरून कामाला लागत नाही, तोंड फिरवतो. सरसकट सगळं संपलं म्हणणाऱ्या फिल्मनंतर लोक खिन्न होऊन चहा प्यायला जातात, झालं. म्हणून फिल्मचा निदान तिसरा हिस्सा उपायाला द्या. तो उपाय आधीच कुठेतरी कोणीतरी केलेला असेल तर तोच माणूस दाखवा. त्याचं फसलेलंही दाखवा, कारण सगळं गोड असलं की बघणाऱ्याला संशय येतो.

सामान

थोडक्यात: नुकताच घेतलेला कोणताही बरा फोन पुरतो. दूरच्या प्राण्यासाठी ३०० ते ४०० मिमीची लेन्स हवी, पण फोनवर फिल्म करायची असेल तर दूरचे प्राणी गाळून माणसं, ठसे, विष्ठा, झाडं, कीटक आणि पाणी यांवर गोष्ट उभी करा. कित्येकदा ती जास्त चांगली होते. पैसे हातात असतील तर आधी मायक्रोफोन घ्या, मग ट्रायपॉड, मग कार्ड आणि बॅटऱ्या, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी. दुकानदार हा क्रम नेमका उलटा सांगेल.

चित्रीकरण

प्रत्येक प्रसंगाचे किमान तीन आकार घ्या: जागा दाखवणारा लांबचा, प्राणी किंवा माणूस पूर्ण दिसेल असा मधला, आणि डोळा, पंजा, हात असा जवळचा. प्रत्येक शॉट हलवाहलवी न करता दहा सेकंद धरा. प्राणी फ्रेममधून निघून गेला तरी कॅमेरा लगेच बंद करू नका. रिकामी फ्रेम संकलनात सोन्यासारखी असते. नवशिक्यांचं फुटेज ओळखायचं सोपं लक्षण म्हणजे झूम सतत आत-बाहेर होत असतो. झूमच्या बटणावरून बोट काढा.

लपणात बसायचं असेल तर प्राणी यायच्या कितीतरी आधी बसा आणि तो गेल्यावरच बाहेर पडा. कपड्याच्या रंगापेक्षा हालचाल आणि वास जास्त घात करतात, म्हणून वारा तुमच्याकडून प्राण्याकडे वाहणार नाही अशी बाजू धरा.

निशाचर प्राण्यांसाठी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप चालू होणारा कॅमेरा उत्तम, आणि त्रासही सगळ्यात कमी. बहुतेक ट्रॅपमधला संवेदक हलणारी उष्णता ओळखतो. म्हणजे परिसर आणि प्राणी यांच्या तापमानात फरक असेल तरच तो चालतो. भर दुपारी दगड तापलेला असताना प्राणी निसटतात आणि उन्हात डोलणाऱ्या गवताचे मात्र शेकडो व्हिडिओ येतात. समोरचं गवत आधीच थोडं दाबून ठेवा. ट्रॅप साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधा, पायवाटेला तिरका, म्हणजे प्राणी फ्रेममध्ये जास्त वेळ राहतो. सकाळ-संध्याकाळचा सूर्य थेट भिंगात येणार नाही ते बघा. आणि त्या वाटेने माणसंही जात असतील तर त्यांना आधी सांगा. शौचाला किंवा सरपणाला जाणाऱ्या बाईचा तिच्या नकळत व्हिडिओ घेणं हे कुठल्याही संवर्धनात बसत नाही. असा व्हिडिओ आलाच तर तो बघत बसू नका, पुसून टाका.

हळू होणारे बदल दाखवायला टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक वेळाने घेतलेले फोटो जोडून केलेला शॉट वापरा. हिशोब सोपा आहे. पडद्यावर २० सेकंदांचा शॉट हवा, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ५०० फोटो. दर १० सेकंदांनी एक फोटो घेतला तर ५,००० सेकंद, म्हणजे साधारण ८३ मिनिटं कॅमेरा हलता कामा नये. वर्षानुवर्षांचा बदल हवा असेल तर एकाच खुणेवरून, त्याच लेन्सने, दर ऋतूत एक फोटो. छायाचित्रकार जेम्स बॅलॉग यांनी २००७ पासून हिमनद्यांसमोर याच पद्धतीने कॅमेरे लावून ठेवले आणि बर्फ मागे सरकताना दाखवला. त्यासाठी ग्रीनलंडलाच जायला हवं असं नाही. नदीकाठचा एक खडक, त्यावर रंगाची एक खूण, एवढ्यावर भागतं.

आवाज, ज्याकडे कोणाचं लक्ष नसतं

आमच्या पाणथळीवरच्या फिल्ममधली सगळ्यात चांगली मुलाखत मी गमावली ती वाऱ्यामुळे. सत्तरीच्या एका कोळ्याने, पूर्वी पाणी कुठवर यायचं ते काठीने जमिनीवर रेघ ओढून दाखवलं होतं. चित्र लखलखीत आणि आवाजात नुसतं फडफड-फडफड. मी हेडफोन लावले नव्हते. एवढीच चूक. पुन्हा गेलो तेव्हा ते सांगतच होते, पण रेघ ओढली नाही.

तेव्हापासून हेडफोन कानावर नसतील तर मी रेकॉर्डचं बटण दाबत नाही. माइकवर वाऱ्यासाठीचं केसाळ आवरण घाला. माणूस बोलत असेल तर कॉलरला लावायचा माइक घ्या, ओठांपासून वीतभर अंतरावर. आणि प्रत्येक जागी, चित्र असो नसो, दोन मिनिटं गप्प उभं राहून नुसता तिथला आवाज टिपा: पहाटेचा वेगळा, दुपारचा वेगळा, रात्रीचा वेगळा. संकलनात दोन शॉट जोडताना हाच आवाज शिवण झाकतो.

नुसत्या आवाजाने काय होऊ शकतं? १९७० मध्ये जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी हम्पबॅक देवमाशांच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली. देवमासा म्हणजे तेल आणि मांस, एवढंच तोवर बहुतेकांना ठाऊक होतं. तो गातो हे लोकांनी प्रथमच ऐकलं. देवमासे वाचवा या चळवळीला त्या रेकॉर्डने बळ दिलं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीत हे आवाज होते. १९७९ च्या जानेवारीत नॅशनल जिओग्राफिकने आपल्या अंकासोबत त्या गाण्यांची पातळ रेकॉर्ड वाटली, एक कोटीहून जास्त प्रती. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय १९८२ मध्ये घेतला. निर्णयामागे इतर पुष्कळ कारणं होती, पण तोवर लोकांच्या कानात ते गाणं बसलेलं होतं.

माणसांना बोलतं करणं

कॅमेरा लावून "पर्यावरणाबद्दल तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलंत की भाषण मिळतं. "शेवटचं तुम्ही ते जनावर कधी बघितलं? तेव्हा हातात काय काम होतं?" असं विचारा, मग गोष्ट मिळते. उत्तर संपल्यावर चार सेकंद गप्प राहा. खरं वाक्य बहुधा त्या शांततेनंतर येतं.

ज्या शेतकऱ्याचं पीक हत्तींनी तुडवलं किंवा ज्याचं वासरू बिबट्याने नेलं, त्याला खलनायक करू नका. त्याचं नुकसान खरं आहे आणि संवर्धनाची किंमत तोच भरतोय. त्याला पूर्ण बोलू द्या, कापू नका. त्याच्याविना केलेली फिल्म शहरात टाळ्या घेईल आणि ज्या गावात तिचा उपयोग व्हायला हवा तिथे दाखवता येणार नाही.

संमती त्या माणसाच्या भाषेत, वाचून दाखवून घ्या. फिल्म कुठे-कुठे दिसेल ते सांगा. अवैध शिकार किंवा वाळूउपशाबद्दल कोणी बोलणार असेल तर चेहरा आणि आवाज दोन्ही झाका, आणि मूळ फाइल दुसऱ्या कोणाच्या हाती पडणार नाही अशी ठेवा. गावात फिल्म संपली तरी तो माणूस तिथेच राहणार असतो.

संकलन आणि खरेपणा

दर रात्री, झोपण्याआधी, कार्डावरचं सगळं उतरवून घ्या. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. कितीही दमलेले असलात तरी.

मग सगळं फुटेज एकदा सलग बघा आणि वहीत फक्त जे पुन्हा बघावंसं वाटलं तेवढंच लिहा. त्या यादीतून गोष्ट लावा, कागदावरची जुनी गोष्ट बाजूला ठेवून. निवेदन शेवटी लिहा आणि चित्रात दिसतंय ते सांगू नका. पडद्यावर पाऊस पडत असताना "आणि मग पाऊस आला" कशाला? ज्या शॉटवर तुमचं सगळ्यात जास्त प्रेम आहे तो गोष्टीला लागत नसेल तर काढा. तीन दिवस लपणात बसून मिळवलेला शॉट कापताना हात थरथरतो, पण ते तीन दिवस प्रेक्षकाला दिसत नसतात.

पिंजऱ्यातल्या किंवा पाळीव प्राण्याचा शॉट वापरला असेल तर तसं लिहा. दोन वेगळ्या दिवसांचे शॉट जोडून पाठलाग रचला तर आपण घडलेलं सांगतोय की घडवलेलं, हे स्वतःला विचारा. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले प्राण्यांचे व्हिडिओ कुठेही सापडतात. माझं मत स्पष्ट आहे, की संवर्धनाच्या फिल्ममध्ये ते नकोतच. नामशेष प्राणी दाखवण्यासाठी लागलेच तर त्या शॉटवरच मोठ्या अक्षरांत तसं लिहा, शेवटच्या श्रेयनामावलीत नव्हे. संगीताचे हक्क तपासा, नाहीतर एक दिवस फिल्मचा आवाजच बंद केलेला सापडेल. आणि अंतिम प्रत लोकांना दाखवण्याआधी ज्या संशोधकांशी बोलला होतात त्यांना दाखवा. चूक सांगायला आठवडा द्या.

पोचवणं, जिथे बहुतेक जण दमून बसतात

एकूण वेळ आणि पैशातला किमान तिसरा हिस्सा फिल्म पूर्ण झाल्यानंतरसाठी बाजूला ठेवा. मी पहिल्यांदा काहीच ठेवला नव्हता.

पहिला खेळ जिथे चित्रीकरण झालं तिथेच करा, महोत्सवाआधी. पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, अंधार पडल्यावर. लोक स्वतःला, शेजाऱ्याला, स्वतःच्या तळ्याला बघतात तेव्हा गोंगाट होतो, तो होऊ द्या. नंतर दिवे लावून कोणी तज्ज्ञ बोलायला उभा करू नका. तुम्ही लिहिलेल्या त्या एका वाक्यातली कृती तिथल्याच कोणाकडून मांडू द्या. ती कृती तिथल्या तिथे करता येईल अशी सोय ठेवा: अर्जाचे छापील नमुने, पेन, कोणाला द्यायचा त्याचं नाव-पद.

ज्याच्या हातात निर्णय आहे त्या अधिकाऱ्याला वा लोकप्रतिनिधीला पूर्ण फिल्म बघायला वेळ नसतो. त्याच्यासाठी तीन मिनिटांची वेगळी प्रत आणि सोबत एका पानाचं टिपण करा: प्रश्न काय, पुरावा काय, त्याने नेमकं काय करायचं, त्याला कुठल्या नियमाचा आधार आहे. फोनवर बघणाऱ्यांसाठी उभ्या चौकटीतल्या छोट्या क्लिप करा, त्यावर ठळक अक्षरांत संवाद लिहा, कारण गाडीत आणि कार्यालयात लोक आवाज बंद ठेवून बघतात. पहिल्या तीन सेकंदांत नाव-बोधचिन्ह दाखवू नका, प्राणी किंवा माणूस दाखवा. संबंधित निर्णयाच्या, हंगामाच्या किंवा सुनावणीच्या आधी फिल्म आणा. नंतर आणलेली फिल्म श्रद्धांजलीसारखी वाटते.

पण परिणाम लगेच दिसणार नाही हेही धरून चला. बंदिस्त ऑर्का देवमाशांवरचा 'ब्लॅकफिश' हा माहितीपट २०१३ च्या जानेवारीत महोत्सवात दिसला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दूरचित्रवाणीवर आला आणि लोकांमध्ये चर्चा पेटली. ऑर्कांचे खेळ दाखवणाऱ्या सीवर्ल्ड या कंपनीने त्यांची पैदास थांबवत असल्याचं जाहीर केलं ते मार्च २०१६ मध्ये. तीन वर्षं. मधल्या काळात फिल्म जिवंत ठेवण्याचं काम बघणाऱ्यांनी केलं.

परिणाम मोजायचा कसा? किती जणांनी बघितली हा आकडा लिहून ठेवा आणि विसरून जा. त्या कागदावरचं वाक्य काढा. किती हरकती गेल्या? किती गावांनी ठराव केला? भराव थांबला का? खेळाच्या आधी आणि नंतर तेच चार प्रश्न विचारा, आणि सहा महिन्यांनी त्यांतल्या काहींना पुन्हा फोन करा. खेळ संपताच "आम्ही नक्की करू" म्हणणारे पुष्कळ असतात.

कॅमेरा कोणाकडे ठेवायचा

तुम्ही परत जाता, प्राणी आणि माणसं तिथेच राहतात. म्हणून जाताना दोन-तीन जणांना चित्रीकरण शिकवून जा. फार नाही: आडवा फोन, दहा सेकंद स्थिर, तारीख बोलून नोंदवायची, फाइल कोणाकडे द्यायची. मेलेला मासा, नवीन ठसा, रात्री आलेला ट्रक, हे टिपायला तुम्ही तिथे असणार नाही, ते असतील.

गुजरातच्या किनाऱ्यावर पुढे असंच झालं. व्हेल शार्क जाळ्यात सापडला, तो जाळं कापून सोडला, तर जाळ्याची भरपाई मिळायची, पण आधी खात्री करायला वनखात्याचा माणूस बोटीपर्यंत यावा लागे. तोवर मासा जाळ्यातच तडफडत राहायचा. मग मच्छीमारांनाच पाण्यात न बिघडणारे कॅमेरे देण्यात आले. आता ते जाळं कापतानाचे फोटो स्वतः काढतात, तोच भरपाईसाठीचा पुरावा, आणि वाट बघावी न लागल्याने मासा कितीतरी लवकर सुटतो.